म्हाळाची खीर

तापमान बत्तीस अंश. आर्द्रता शेकडा एक्क्याऐंशी.

घरगुती डबा मिळेल. पेशंटच्या नातेवाइकांसाठी कमी तिखट, कमी तेल. परळ भागात हॉस्पिटलच्या गेटपर्यंत पोच. संपर्क: दीपिका राऊळ, काळाचौकी.

काळे वाटाणे आदल्या संध्याकाळी भिजत घालावेत.

गिरणी कामगार घर सोडत. यशस्वी अर्जदार: राऊळ गुणाजी धोंडू. अर्जदार मयत असल्यास सर्व वारसांची संमती जोडावी.

बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाही. गप्प बसतो. भांडं कोमट झालं की जागा होतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर भटजींचा निरोप, खाली जोडलेल्या हातांचं चित्र: ‘कावळा न आल्यास दर्भाचा करावा. शास्त्रात सोय आहे.’

निर्जंतुक डबी, साठ मिली, लाल झाकण. माझ्या पर्समध्ये अशा चार असतात.

राजारामकाका: दोन वाट्या.

*

हे सगळं एकाच दिवसाचं आहे. गेल्या पितृपक्षातली दशमी. तुकडे मी मुद्दाम असे विस्कटून ठेवलेत. सरळ क्रमाने लिहायला बसले तेव्हा दर खेपेला माझ्याकडून एखादी वेळ गाळली गेली. विसरून नाही. वेळा मी विसरत नाही, माझं पोट वेळांवर चालतं.

मी डॉक्टर सीमा राऊळ. परळच्या एका संशोधन संस्थेत अन्नातून होणाऱ्या आजारांवर काम करते. त्या दिवसापर्यंत नऊ वर्षं कंत्राटी होते, म्हणजे दर मार्चमध्ये माझी नोकरी संपायची आणि दर एप्रिलमध्ये, साहेबांची मर्जी असली तर, पुन्हा सुरू व्हायची. माझा विषय भात. शिजवलेला, उरलेला, झाकून ठेवलेला भात. त्यात एक जंतू वाढतो आणि एक विष तयार करतो, ज्याने माणूस दोन-चार तासांत उलट्या करू लागतो. बहुतेक माणसं दुसऱ्या दिवशी बरी होतात. म्हणून या जंतूला कुणी मोठा मानत नाही आणि माझ्या विषयालाही.

लालबागच्या खानावळींमध्ये, गिरगावच्या पोळीभाजी केंद्रांत, दादरच्या लग्नाच्या हॉलमध्ये मी चमचाभर भात मागत फिरायचे. लोक मला भातवाली मॅडम म्हणायचे. माझा पहिला प्रश्न ठरलेला: शिजवून किती वेळ झाला? उत्तरही ठरलेलं: आत्ताच काढला, मॅडम. मग प्रयोगशाळेत काचेच्या बशीत वाढलेले ठिपके मोजले की कळायचं, आत्ताच म्हणजे सकाळी सहाला.

*

बाबा त्याच्या आदल्या वर्षीच्या श्रावणात गेले. वर्षश्राद्ध झालं आणि पाठोपाठ पितृपक्ष आला. आमच्या कोकणी घरांत पितरांच्या या जेवणाला म्हाळ म्हणतात. बाबांचा हा पहिला म्हाळ. नियम दोनच. कावळ्याने पानाला चोच लावल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. आणि तोवर रांधणारीने चवसुद्धा बघायची नाही.

दीपिका माझ्या धाकट्या भावाची, निलेशची बायको. तिने चौदा माणसांचं रांधलं, एका खोलीत, एकटीने, न चाखता. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, भोपळ्याची भाजी, कढी आणि तांदळाची खीर. रोज छत्तीस डबे भरणारी बाई ती. परळच्या मोठ्या हॉस्पिटलांबाहेर फुटपाथवर राहणारे गावाकडचे लोक तिच्या डब्यावर जगायचे. निलेशच्या पगारात घरभाडं आणि मुलीची फी जेमतेम भागायची. बाकीचं घर त्या डब्यांवर चालायचं.

साडेअकराला निलेशने चाळीच्या गच्चीत पान ठेवलं, पाणी सोडलं, हात जोडले आणि आम्ही सगळे पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन उभे राहिलो.

कावळे होते. समोरच्या बिल्डिंगीच्या गच्चीवर रांगेने बसले होते.

“आज त्यांना डबल ड्युटी आहे,” निलेश म्हणाला. “तिकडे तीन पानं मांडलीत.”

“तिकडे पुरण असेल,” आतेभाऊ म्हणाला.

“कावळ्याला काय कळतंय पुरण!”

“कळतं की. तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तू काल पुरणपोळीला पराठा म्हणालास.”

पहिला तास असा गेला. दुसऱ्या तासाला हसणं थांबलं. राजारामकाका उठून पानाजवळ गेले. काका म्हणजे बाबांचे गिरणीतले सोबती, शेजारच्या साच्यावरचे, म्हणजे मागावरचे. संपात दोघांनी मिळून वडापावची गाडी लावली होती. वय चौऱ्याहत्तर, आवाज तेवढा पंचविशीतला.

“गुणाजी, खंय रवलंस रे?” त्यांनी आभाळाकडे बघून हाक मारली. “भायरचो कावळो येना नाय, आणि पोटातले गप रवनत नाय!”

एक कावळा खरंच टाकीवर येऊन बसला. पानाकडे बघितलं, सिमेंटवर चोच घासली आणि गेला.

मग तेच सुरू झालं जे अशा वेळी सुरू होतं. गुणाजीचा जीव कशात तरी अडकलाय. एकेकाने पुढे जाऊन शब्द द्यायचा. निलेश म्हणाला, बाबा, गावच्या घराचं छप्पर यंदा घालतो. आत्या म्हणाली, दादा, तुझ्या पोरांना मी अंतर देणार नाही. काका म्हणाले, तुझी कॅरमची सोंगटी माझ्याकडे आसा, ती निलेशाक देतंय. कावळा आला नाही.

मग सगळे माझ्याकडे वळले.

“ताई, तू बोल,” निलेश म्हणाला.

“काय बोलू?”

“तुला माहितेय.”

“नाही माहीत.”

“सही करते म्हण. एवढंच. कावळ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात.”

गिरणी कामगारांच्या सोडतीत बाबांना घर लागलं होतं. सव्वादोनशे फूट, पण स्वतःचं. बाबा गेल्यावर ते वारसांच्या नावावर व्हायचं होतं आणि वारस दोन. मी हक्कसोडपत्रावर सही केली तर घर एकट्या निलेशचं. आठ महिने तो कागद माझ्या वडाळ्याच्या भाड्याच्या खोलीत, कपाटात, साड्यांखाली होता. बाबांनी आजारपणात मला सांगितलं होतं, घर दोघांचं. निलेशला काय सांगितलं होतं ते निलेशच सांगतो.

काका माझ्याजवळ आले. हळू बोलले. “बोल गो चेडवा. दोन शब्द. बापाशीच्या मनात काय आसा, ता तुका म्हायत आसा.”

“मला माहीत आहे, काका. म्हणूनच नाही बोलत.”

जंतुशास्त्रात पीएचडी केलेली बाई कावळ्याशी बोलत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते कारण नव्हतं. गच्चीत चौदा माणसांदेखत, बापाच्या पानासमोर दिलेला शब्द काळाचौकीत स्टॅम्पपेपरपेक्षा पक्का धरतात. मी तोंड उघडलं असतं तर घर गेलं असतं.

म्हणून मी गप्प राहिले. दीड वाजला. अडीच वाजले. उन्हाने पानावरचे वडे वाकडे झाले. कुणी मला काही बोललं नाही, फक्त आत्या दर थोड्या वेळाने म्हणायची, “काय बाई हट्ट एकेकाचा,” आणि कावळ्याकडे बघायची.

मी मोबाईलवर वेळ बघत होते. सवयीने डोक्यात गुणाकार चालू होता. एका जंतूचे दोन व्हायला पंचवीस मिनिटं. खाली खोलीत, ओट्यावर, झाकण लावलेल्या पितळी पातेल्यात.

*

चार वाजता निलेशने भटजींना मेसेज केला आणि उत्तर आलं ते वर लिहिलंच आहे. दर्भ लालबागच्या दुकानातून आला. निलेशने त्याच्या गाठी मारून एक आकार केला.

“हा कावळा आहे की कोंबडी?” आतेभाऊ म्हणाला.

“बाबांना चालेल,” निलेश म्हणाला आणि दर्भाची चोच पानाला लावली. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “चला जेवायला. ताईचा हट्ट संपला.”

खोलीत दोन पंगती बसल्या. साडेचार वाजले होते.

मी म्हणाले, “दीपिका, खीर जरा गरम करून घे.”

तिने चांगली खदखदून उकळली. गरम केल्याने काय होतं ते मला माहीत आहे. जंतू मरतो. तोवर त्याने केलेलं विष मरत नाही. ते एकशे वीस अंशालाही टिकतं. यावर माझा एक शोधनिबंध आहे.

मग गरम करायला का सांगितलं? काहीतरी सांगितलं असं व्हावं म्हणून.

माझ्या पानात खिरीची वाटी आली तेव्हा मी म्हणाले, शुगर आहे. मला शुगर नाही. काका शेजारी बसले होते.

“दी हयसर. तुझी वाटी मी खातंय. गुणाजीच्या नावाची खीर, ती काय टाकतत?”

मी वाटी त्यांच्याकडे सरकवली.

जेवणं उरकल्यावर दीपिका मोरीत भांडी विसळत होती. मी पर्समधून लाल झाकणाची डबी काढली, पातेल्याच्या तळाची खीर चमच्याने भरली आणि झाकण घट्ट केलं. डबीवर पेनाने वेळ टाकली. चार सत्तावन्न. तोवर कुणालाही काहीही झालेलं नव्हतं.

*

पहिली उलटी साडेसहाला, आत्याला. आठपर्यंत खीर खाल्लेल्या तेराजणांपैकी अकराजणांना. चाळीच्या सार्वजनिक संडासापुढे आमच्याच घरची रांग. सगळ्यांना जवळच्या हॉस्पिटलात नेलं, सलाईन लावलं. दहाजण दुसऱ्या दिवशी घरी आले. राजारामकाकांची किडनी आधीच अर्धी होती. ते तिसऱ्या दिवशी गेले.

त्यांचा मुलगा अमित पुण्याहून आला. अग्नी दिला आणि तिथून तडक वॉर्ड ऑफिसात गेला.

“हिच्या हातचं रोज छत्तीस आजारी माणसांच्या घरचे खातात,” तो तिथे म्हणाला. “उद्या त्यांच्यातला एक मेला तर?”

त्याचं चुकीचं नव्हतं. अहवाल येईपर्यंत दीपिकाचे डबे बंद ठेवायला सांगितलं. अहवालात अन्न शिजवण्यात दोष नाही असं आलं तर पुन्हा सुरू. दोष आला तर नोंदणी रद्द.

उरलेली खीर आणि रुग्णांचे नमुने तपासायला परळच्या आमच्या प्रयोगशाळेत आले. माझ्या टेबलावर.

विभागप्रमुख डॉक्टर चिंतामणी विजयकर. गिरगावातलं जुनं घराणं, आजोबा हायकोर्टात, घरी पिढ्यान्‌पिढ्या आचारी. त्यांनी फॉर्म वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“राऊळ? तुमच्यापैकी कुणी?”

“कोकणात राऊळ पुष्कळ आहेत, सर.”

“हो, ते आहेच,” ते म्हणाले आणि पान उलटलं.

*

महापालिकेच्या नमुन्यांत जंतू होता, पण खीर चार दिवस कुणाच्या तरी टेबलाखाली पडून राहिल्याने सगळं मिसळून गेलं होतं. माझ्या डबीतला मात्र स्वच्छ होता. मी डबीवरची वेळ पुसली आणि तिला नमुना क्रमांक अकरा केलं.

विषाचं प्रमाण बघितलं तेव्हा मी मशीन पुन्हा चालवलं. मग तिसऱ्यांदा. आमच्या संग्रहात या जंतूचे नऊ वर्षांत जमवलेले चारशे सहा प्रकार होते. त्यांतला सगळ्यात वाईट याच्या एक अष्टमांश होता.

विजयकर सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. त्यांनी पडद्यावरचा तो उंच सुळका बोटाने खालपासून वरपर्यंत दाखवला.

“काय सुंदर आहे हो, सीमा.”

“हो, सर.”

“डिसेंबरात पर्मनंट पोस्टचा इंटरव्ह्यू आहे. हा एक ग्राफ घेऊन जा. बाकी काही बोलायची गरज नाही.”

मी हसले. तेव्हा काकांच्या तेराव्याचा दिवस होता. मी गेले नाही, काम होतं.

*

महापालिकेचा फॉर्म. डावीकडे मी लिहिलं ते. उजवीकडे लिहायचं राहिलं ते. फॉर्मला उजवी बाजू नाही.

संशयित पदार्थ: तांदळाची खीर. | माझ्या वाट्याची राजारामकाकांनी खाल्ली.

बाधित: अकरा. मृत: एक. | एकीने खाल्लीच नाही. तिला खिरीचं माहीत होतं.

पदार्थ केव्हा शिजवला: सकाळी. | आठ वाजून दहा मिनिटांनी गॅसवरून उतरवला.

केव्हा खाल्ला: त्याच दिवशी. | आठ तास वीस मिनिटांनी.

दोहोंमधला काळ:

इथे मी थांबले. ही जागा चार दिवस रिकामी होती.

*

पाचव्या दिवशी दीपिका संस्थेच्या गेटवर आली. वॉचमनने फोन केला, मॅडम, तुमच्या वहिनी. मी खाली गेले, तिला घेऊन समोरच्या टपरीवर चहाला बसले. कॅन्टीनमध्ये नेलं नाही.

तिने पिशवीतून एक वही काढली. डब्यांची वही. प्रत्येक दिवसाच्या पानावर पदार्थ आणि त्यापुढे तो किती वाजता उतरवला ते.

“दोन वर्षांपूर्वी तुम्हीच सांगितलंत, वेळ लिहीत जा म्हणून,” ती म्हणाली. “तेव्हापासून एक दिवस चुकले नाही. हे बघा, दशमी. भात साडेसात. खीर आठ दहा.”

“बघितलं.”

“ताई, माझी चूक असेल तर लिहा. मी नाही म्हणणार नाही. पण वेळ पण लिहा ना. सकाळी केलेलं संध्याकाळी खाल्लं, एवढंच. माझ्या डब्यात असं कधी होत नाही. माझा डबा तासाभरात गेटवर असतो. ते कळेल त्यांना.”

“का थांबलं होतं ते विचारतील.”

“मग सांगायचं. कावळा आला नाही. त्यात लाजायचं काय? साहेब लोकांच्या घरी पण घालतात की म्हाळ.”

“तेवढ्यावर थांबणार नाहीत.”

चहावर साय आली. मग तिने वही मिटली आणि आवाज खाली आणला, शेजारच्या बाकावर वॉर्डबॉय बसले होते.

“मी तुमचं नाव नाही घेणार. निलेशला पण सांगते. चाळीत कुणी काही बोललं तर मी म्हणेन, ताई कशाला आडवी येईल, कावळ्यांनाच भूक नव्हती. देवाशपथ, ताई.”

मला तिचा राग आला. तिने भांडायला हवं होतं.

कारण मला भीती तिने नाव घेण्याची नव्हतीच. त्या रिकाम्या जागेत आठ तास लिहिले असते तर माणसं आली असती, चौदाजणांचे जबाब झाले असते आणि कुणीतरी सांगितलं असतं की याच विषयातली एक डॉक्टर पाच तास तिथे उभी होती. मग सरांनी विचारलं असतं, नमुना क्रमांक अकरा नक्की केव्हा घेतला.

“बघते,” मी म्हणाले.

“बघाल ना?”

“बघते म्हटलं ना.”

ती उठली. चहाचे पैसे तिने दिले, मी पर्स उघडेपर्यंत. जाताना म्हणाली, “तुम्ही बारीक झालात हो. जेवायला येत जा.”

*

दोहोंमधला काळ: माहिती उपलब्ध नाही.

संभाव्य कारण: घरगुती स्वयंपाकघरातील अन्न हाताळणीत त्रुटी.

सही: सी. गु. राऊळ.

*

ऑक्टोबरात नोंदणी रद्द झाली. खोलीच्या दारावर कागद चिकटवला तो चाळीतल्या पोरांनी वाचून दाखवला. हॉस्पिटलच्या गेटवर एक नवीन बाई डबे घेऊन उभी राहू लागली. तिच्या भाताचा नमुना मी दोनदा घेतला आहे. वाईट असतो.

दीपिका आता दादरला एका केटररकडे जाते. भाजी निवडते, लसूण सोलते, मोठी पातेली घासते. शिजवायला देत नाहीत. नाव माहीत झालं आहे.

डिसेंबरात इंटरव्ह्यू. मी ग्राफ दाखवला. जानेवारीत कायम झाले.

*

शोधनिबंध परदेशी मासिकाकडे पाठवला होता. फेब्रुवारीत दोन परीक्षकांचे शेरे आले. पहिल्याला सगळं आवडलं. दुसऱ्याने एकच प्रश्न विचारला होता, मी तो मराठीत लिहिते: अन्न शिजवल्यापासून सेवनापर्यंत किती वेळ गेला, हे लेखकांनी कुठेही दिलेलं नाही. या आकड्याशिवाय विषाच्या प्रमाणाला अर्थ नाही. कृपया द्यावा, अन्यथा निबंध स्वीकारता येणार नाही.

सर म्हणाले, “तो आकडा मिळेल का कुठून? वॉर्ड ऑफिसात?”

“मी बघते, सर.”

मी संगणकावर बसले आणि आकडा टाकला. आठ तास वीस मिनिटं. त्यापुढे तापमान, आर्द्रता, पातेल्याचा धातू, झाकण होतं का. सगळं अचूक. दुसऱ्या परीक्षकाने लिहिलं, प्रत्यक्ष घटनास्थळाची इतकी काटेकोर माहिती क्वचितच वाचायला मिळते. लेखकांचं अभिनंदन.

निबंध एप्रिलमध्ये छापून आला. इंग्रजीत, तोही पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. काळाचौकीत तो कुणी वाचणार नाही. वॉर्ड ऑफिसातही.

*

त्याच महिन्यात मी साड्यांखालचा कागद काढला आणि सही केली. मला आता घर मिळण्याची सोय होती, संस्थेच्या क्वार्टरमध्ये. कागद घेऊन निलेशच्या ऑफिसखाली गेले. तो खाली आला. लिफाफा उघडून त्याने सगळी पानं वाचली, उभ्यानेच, पार्सलच्या टेम्पोला टेकून.

“आज कशी काय केलीस?”

“करायची होतीच.”

“एवढी घाई काय होती, ताई? म्हाळाला अजून पाच महिने आहेत.”

मी पर्सची चेन लावली.

“नाही, म्हणजे तेव्हा आली असतीस. वर गच्चीत. सगळे असतात.” त्याने लिफाफा शर्टात खोचला. “काका नसतील तेवढे.”

“दीपिका कशी आहे?”

“लसूण सोलते. बोटं जळतात म्हणते.” तो टेम्पोवर हात आपटून ड्रायव्हरला म्हणाला, “चल रे, घे मागे.” मग माझ्याकडे वळून, “ती तुझ्याबद्दल वाईट बोलू देत नाही घरात. मला तर कळतच नाही ती बाई.”

मलाही कळत नव्हतं असं मला इथे लिहायचं होतं. लिहिलं आणि खोडलं.

*

दशमीच्या दिवशी, दुपारी पाऊण वाजता, दीपिका जिना चढून गच्चीच्या दारापर्यंत आली, मला बाजूला बोलावलं आणि विचारलं, ताई, कावळा यायला वेळ लागतोय तर तोवर खीर फ्रीजमध्ये ठेवू का, आणि मी म्हणाले, तुझं घर आहे, तू ठरव.